वाद्याची किंमत आणि सुराचे मोल

घरातील सायंप्रार्थनेच्या गीतांविषयी या सदरात लिहिल्यानंतर वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांपैकी एक पत्र मी मुद्दाम बाजूस काढून ठेवले होते. पत्र लिहिणाऱ्या भगिनी आपल्या धर्मग्रामातील गायकवृंदाची धुरा सांभाळतात. त्यांच्या वृंदातील तरुणांनी तीन वर्षे नाताळात घरोघर गीते गाऊन आणि नेवऱ्या-कुलकुलांची विक्री करून सव्वा लाखाच्या घरात रक्कम जमविली आहे. या पैशांतून मॅण्डोलिन घ्यावे, याविषयी सर्वांचे एकमत आहे. मतभेद आहे तो पुढचा. वृंदात एक मुलगा फार सुरेख वाजवितो. त्याच्या हाती परदेशी बनावटीचे एकच उत्तम वाद्य द्यावे, असे काही जण म्हणतात. त्याच पैशांत पाच-सहा साधी वाद्ये घेऊन लहान मुलांस शिकवावे, असे इतरांचे म्हणणे आहे. हा वाद एवढा वाढला आहे की गेले दोन रविवार काही जण सरावास आलेच नाहीत. ‘मॅण्डोलिन मुळात चर्चमध्ये शोभते काय, आणि महाग वाद्यात खरोखर एवढे काय असते, हे आपण सांगावे,’ असे त्या भगिनींनी विचारले आहे.

मी कलावंत नव्हे. परंतु लहानपणापासून मॅण्डोलिन हाताळीत आलो आहे. गतवर्षी आप्तांच्या भेटीसाठी अमेरिकेतील मिशिगन राज्यात जाण्याचा योग आला, तेव्हा तेथील एका प्रसिद्ध दुकानात दिवसभर बसून निरनिराळ्या किमतीची मॅण्डोलिने वाजवून पाहिली. या भगिनींच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या अनुभवातून देता येईल. तथापि पहिला प्रश्न आधी घेऊ.

संत सिसिलिया ही संगीताची आश्रयदात्री. तिच्या सणादिवशी, 22 नोव्हेंबर 1903 रोजी, पोप दहावे पायस यांनी चर्चमधील संगीतासंबंधी जे आज्ञापत्र काढले, त्यात पियानो तसेच ढोल, झांजा यांसारखी गोंगाटाची वाद्ये निषिद्ध ठरविली होती. पुढे 1955 च्या नाताळात पोप बारावे पायस यांनी व्हायोलिन आणि गजाने वाजविण्याच्या इतर वाद्यांविषयी बरीच उदार भूमिका घेतली. 1963 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेसंबंधीचे जे संविधान संमत केले, त्यात ऑर्गनला मानाचे स्थान कायम ठेवून, पवित्र कार्यास योग्य असतील अशी इतर वाद्येही अधिकारी वर्गाच्या संमतीने वापरावीत, असे सांगितले आहे. म्हणजे आक्षेप मॅण्डोलिनच्या जातीस नाही. ते कसे वाजते आणि कशासाठी वाजते, हे पाहावयाचे. आपल्या धर्मगुरूंची अनुमती घेतली म्हणजे पुढची जबाबदारी वाजविणाऱ्याची.

शिवाय या वाद्याचा पवित्र संगीताशी संबंध आजचा नव्हे. व्हेनिस नगरीतील अंतोनिओ विवाल्दी हे धर्मगुरू होते. 1703 मध्ये त्यांची गुरुदीक्षा झाली. तेथील ‘पिएता’ या अनाथालयात टाकून दिलेल्या मुली वाढविल्या जात, आणि त्यांतील अनेक मुली इतके उत्तम गात व वाजवीत की त्यांस ऐकावयास दूरदेशीचे प्रवासी येत. या मुलींसाठी विवाल्दींनी 1716 मध्ये बायबलमधील यूदिथच्या कथेवर एक मोठी संगीतरचना केली. तिच्यातील एका गीतास, आयुष्य किती त्वरेने निघून जाते या अर्थाच्या, एकट्या मॅण्डोलिनची नाजूक साथ आहे. त्या काळचे मॅण्डोलिन आजच्याहून निराळे होते. त्याच्या तारा आतड्याच्या असत. परंतु ज्यांस स्वतःचे आईबापही ठाऊक नव्हते अशा मुलींच्या बोटांखाली हे वाद्य देवाच्या स्तुतीस लागले होते, ही गोष्ट आपल्या वृंदाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता त्या दुकानाकडे वळू. लान्सिंग ही मिशिगनची राजधानी. तेथे 1972 मध्ये सुरू झालेले ‘एल्डर्ली इन्स्ट्रुमेण्ट्स’ नावाचे तंतुवाद्यांचे दुकान आहे. एका जुन्या बंधुसंघाच्या सभागृहाच्या प्रशस्त इमारतीत ते वसले आहे. भिंतींवर गिटारे, बॅन्जो आणि मॅण्डोलिने ओळीने टांगलेली असतात. मी विचारताच तेथील एका तरुण सेवकाने सांगितले की, हवे ते काढून घ्या आणि पाहिजे तितका वेळ वाजवा; फक्त फार मौल्यवान वाद्य काढण्यापूर्वी आम्हांस सांगा. वस्तूस हात लावला की दुकानदाराचा चेहरा बदलतो, अशा बाजारांची सवय असलेल्या मला या विश्वासाचे नवल वाटले. सदऱ्याची बटणे आणि पट्ट्याचे बक्कल वाद्याच्या पाठीस घासू नये म्हणून मी अंगावर स्वेटर चढविला, हात धुतले आणि कामास लागलो.

वाद्याची परीक्षा कशी करावी, हे सांगणे येथे उपयोगी पडेल. मॅण्डोलिनच्या आठ तारा चार जोड्यांत लावलेल्या असतात, आणि त्यांचे स्वर व्हायोलिनसारखेच असतात. जोडीतील दोन तारा एकजीव लागल्या नाहीत तर लाखाचे वाद्यही बेसूर वाटते. म्हणून प्रथम ते नीट जुळवावे. मग प्रत्येक वाद्यावर एकच ओळखीची चाल वाजवावी. मी मरियामातेचे एक साधे गीत निवडले होते. प्रथम अगदी हलक्या हाताने, मग जोराने, मग वरच्या पडद्यांवर असे तिन्ही प्रकारे वाजवून पाहावे. बाराव्या पडद्यावरचा स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर दुप्पट उंचीचा निघतो की नाही, हे तपासावे. किमतीची चिठ्ठी पाहू नये. तासाभराने कान थकतात. तेव्हा बाहेर जाऊन फिरून यावे. शेवटी दुसऱ्या कोणास वाजवावयास सांगून आपण दहा-बारा पावले दूर उभे राहावे. कारण वाजविणाऱ्याच्या कानाशी एक सूर असतो आणि ऐकणाऱ्याच्या कानाशी दुसरा.

पहिले मॅण्डोलिन काही शे डॉलरांचे होते. दुसरे हजार डॉलरांच्या आसपासचे. चीनमध्ये बनविलेले, पण वरची फळी भरीव स्प्रूस लाकडाची आणि पाठ भरीव मेपलची, दोन्ही कोरून घडविलेल्या. तिसरे टेक्सासमधील ऑस्टिन येथील कॉलिंग्ज कारखान्याचे, चार-पाच हजार डॉलरांचे. चौथे एका नामांकित अमेरिकन कारागिराचे, दहा हजारांच्याही पुढचे, खांद्यावर शंखासारखे वळण कोरलेले. या चारांखेरीज 1920 च्या सुमाराचे एक जुने गिब्सनही वाजविले; त्याच्या पोटाला लंबगोल छिद्र होते आणि आवाज काहीसा गडद, सायंकाळच्या प्रार्थनेस शोभेलसा.

या सर्वांत फरक होता काय? होता, आणि तो मान्य करणे प्रामाणिकपणाचे आहे. पहिल्या आणि दुसऱ्या वाद्यांतील अंतर कोणाही लहान मुलास कळावे असे होते. पहिल्याचा सूर उमटताच विरून जाई. दुसऱ्याचा सूर ठरत होता, चारही जोड्यांचा आवाज सारखा निघत होता. दुसऱ्या आणि तिसऱ्यातील अंतर लक्ष देऊन ऐकावे लागले, पण ते खरे होते. तिसऱ्या वाद्यास नखीचा अगदी हलका स्पर्शही पुरे होई. हळू वाजविलेला स्वर न फाटता, न बुजता समोरच्या भिंतीपर्यंत जाई. चर्चमध्ये गायकांच्या आवाजाखाली राहून साथ करावयाची असेल, तर हा गुण किती मोलाचा आहे हे जाणत्यांस सांगावयास नको. परंतु तिसऱ्यापासून चौथ्याकडे जाताना माझ्या कानास जे अंतर जाणवले, ते किमतीतील अंतराच्या मानाने फारच थोडे होते. खांद्यावरचे ते सुंदर वळण कोरण्यास कुशल हातांचे पुष्कळ दिवस लागतात आणि त्याची मजुरी किमतीत येते. सुरात त्यामुळे फारशी भर पडत नाही, असे दुकानातील त्या तरुणानेच सांगितले.

पुढे त्याला मी वाजविण्याची विनंती केली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकास उभा राहिलो. त्याने दुसरे, हजार डॉलरांचे मॅण्डोलिन उचलले आणि तेच गीत, एकदा ऐकून, वाजविले. माझ्या हाती चौथे वाद्य जेवढे बोलले होते, त्याहून हे त्याच्या हाती अधिक बोलले. मग त्याने तेच गीत चौथ्यावर वाजविले, तेव्हा मात्र ऐकत राहावे असे झाले. उत्तम वाद्य उत्तम हातास पुढे नेते. साध्या हातास ते पुरेसे कळतही नाही.

जुन्या वाद्यांच्या कीर्तीविषयी दोन शब्द येथे सांगावेसे वाटतात. लान्सिंगहून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर कॅलामाझू नावाचे शहर आहे. तेथे 1902 मध्ये गिब्सन कंपनीची स्थापना झाली. 1919 ते 1924 या काळात लॉइड लोअर नावाचे संगीतज्ञ तेथे कामास होते. त्यांच्या देखरेखीखाली 1922 पासून ‘एफ-5’ नावाचे मॅण्डोलिन निघू लागले. व्हायोलिनप्रमाणे त्याच्या फळीस इंग्रजी एफ अक्षरासारखी छिद्रे होती. प्रत्येक वाद्य तपासून, त्याच्या आत तारखेसह स्वतःची सही असलेली चिठ्ठी लोअर चिकटवीत. परंतु त्या वेळी मॅण्डोलिनची लाट ओसरत होती, लोक बॅन्जोकडे वळले होते. ही वाद्ये फारशी खपली नाहीत आणि 1924 च्या अखेरीस लोअर कंपनीतून गेले. 1943 मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या सहीचे, 9 जुलै 1923 या तारखेचे एक मॅण्डोलिन फ्लोरिडातील एका न्हाव्याच्या दुकानात विक्रीस ठेवलेले होते. बिल मन्रो या गायकाने ते 1940 नंतरच्या दशकात दीडशे डॉलरांस घेतले, आणि त्याच वाद्यावर ब्लूग्रास नावाची नवी संगीतपरंपरा उभी केली. 1985 मध्ये कोणी अज्ञाताने मन्रो यांच्या घरात शिरून ते वाद्य फोडले. चार्ली डेरिंग्टन या कारागिराने लाकडाच्या बारीक ढलप्या एकेक जुळवून ते पुन्हा बोलते केले. आज लोअर यांच्या सहीच्या मॅण्डोलिनास लाख डॉलरांहून अधिक किंमत येते. ज्यांनी सही केली त्यांस यातील काहीच पाहावयास मिळाले नाही. आपले काम चोख करून, खाली नाव घालून, फळाची वाट न पाहता निघून जाणे, ही वृत्ती संत योसेफाच्या सुतारशाळेतली आहे.

किंमत आणि सूर यांचे नाते किती फसवे असते, याविषयी एक प्रयोग प्रसिद्ध आहे. 2010 मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे 21 निष्णात व्हायोलिनवादकांस अंधुक खोलीत, डोळ्यांवर काळे चष्मे लावून, सहा व्हायोलिने वाजवावयास दिली. तीन नवी होती. उरलेल्या तिनांपैकी दोन स्ट्रॅडिव्हेरियसची आणि एक ग्वार्नेरीचे. बहुसंख्य वादकांनी नव्यास पसंती दिली, आणि सर्वांत नापसंत ठरलेले वाद्य स्ट्रॅडिव्हेरियसचे होते. यावरून जुनी वाद्ये निकृष्ट ठरत नाहीत. परंतु आपला कान डोळ्याचे आणि चिठ्ठीचे किती ऐकतो, हे मात्र उघड होते.

आपल्या देशातील उदाहरणेही हेच सांगतात. माळव्यातील सीतामऊ येथे जन्मलेले संगीतकार सज्जाद हुसेन यांनी मॅण्डोलिनवर रागसंगीताची मींड उतरविली. वडिलांच्या निधनानंतर पोटासाठी कोवळ्या वयात मॅण्डोलिन हाती घेणारे लक्ष्मीकांत कुडाळकर पुढे प्यारेलाल यांच्यासह चित्रपटसंगीतात कीर्तिमान झाले. आंध्रातील यू. श्रीनिवास यांनी तर जोडतारा काढून टाकून एकेरी पाच तारांचे विद्युत मॅण्डोलिन पत्करले आणि 2014 मध्ये अकाली मृत्यू येईपर्यंत कर्नाटक संगीतात त्याला मानाचे आसन मिळवून दिले. यांपैकी कोणी वाद्याच्या किमतीमुळे मोठा झाला नाही. गोव्यात पूर्वी चर्चला जोडलेल्या शाळांतून मेस्त्रींच्या धाकात मुले सोल्फा आणि व्हायोलिन शिकत. मुंबईच्या वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांची जी रांग उभी राहिली, ती त्या शाळांमुळे. शिक्षक आणि सराव हेच त्यांचे भांडवल होते.

असे असले तरी उत्तम वाद्य मागणाऱ्यांस कोणी उधळे म्हणू नये. बेथानी येथे एका स्त्रीने जटामांसीचे मौल्यवान सुगंधी तेल प्रभूवर ओतले, तेव्हा हे तीनशे दीनारांस विकून गरिबांस देता आले असते, असा हिशेब यूदासने मांडला होता. प्रभूने त्या स्त्रीची बाजू घेतली. देवापुढे जे न्यावयाचे ते उत्तमच असावे, ही ओढ पवित्र आहे. परंतु त्या स्त्रीने ते तेल ओतले, हे विसरू नये. कुपी कुलपात ठेवली असती, तर घर सुवासाने भरले नसते. म्हणून महाग वाद्य घेण्यापूर्वी प्रत्येक वृंदाने स्वतःस विचारावे: हे रोज वाजेल, की ओरखडा पडेल या भयाने कपाटात राहील? लहान मुलास हात लावू देऊ, की दुरूनच दाखवू? आणि ज्याच्यासाठी ते घेतले, तो नोकरीसाठी आखातात गेला तर पुढे काय?

व्यवहाराचा एक मुद्दा हवामानाचा आहे. कोरीव भरीव लाकडाचे वाद्य हवेतील ओलाव्याने फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. पंचेचाळीस ते पन्नास टक्के दमटपणा त्यास मानवतो. बेळगाव, खानापूर अथवा गोव्यातील पावसाळ्यात हे प्रमाण किती वाढते, हे आपण कपाटातील पुस्तकांवरून जाणतोच. असे वाद्य बंद पेटीत, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावे लागते. ही निगा करणारा माणूस आधी नेमावा, मग वाद्य आणावे.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, साध्या वाद्याचेही पुष्कळसे दोष लाकडाचे नसून जुळणीचे असतात. तारा पडद्यांपासून फार उंच असतील तर मुलांची बोटे सोलून निघतात आणि ती शिकणे सोडतात. मॅण्डोलिनची घोडी डिंकाने चिकटविलेली नसते, केवळ तारांच्या दाबाने उभी असते. ती तसूभर सरकली की सारे पडदे बेसूर होतात. जाणत्या कारागिराकडून घोडी, पडदे आणि तारा जिथून सुटतात ती पट्टी नीट करून घेतली आणि नव्या तारा चढविल्या, तर स्वस्त वाद्यही पुष्कळ सुधारते. लान्सिंगच्या त्या दुकानात काही शे डॉलरांच्या वाद्यांचीही अशी जुळणी केलेली होती. म्हणूनच त्यांतील स्वस्तात स्वस्त वाद्यसुद्धा निदान सुरात वाजत होते.

तेव्हा त्या भगिनींस माझे सांगणे असे. सव्वा लाखातील पन्नास हजारांच्या आत, भरीव लाकडाचे एक चांगले मॅण्डोलिन घ्यावे आणि ते त्या मुलाच्या हाती द्यावे. पण मालकी वृंदाची राहावी आणि तशी नोंद चर्चच्या वहीत करावी. मुलांसाठी तीन साधी वाद्ये घेऊन ती जुळवून घ्यावीत. उरलेली रक्कम तारा, पेट्या आणि वर्षभराचा शिक्षक यांसाठी ठेवावी. आणि त्या मुलावर एक अट घालावी: आठवड्यातून एक संध्याकाळ त्याने लहानांस शिकवावे. ज्यास देणगी अधिक लाभली, त्याच्याकडून मागणेही अधिक होते. शुभवर्तमानातील रुपयांच्या दृष्टांताचा अर्थ याहून निराळा नाही.

सराव सोडून बसलेल्या मंडळीसही एक विनंती. मॅण्डोलिनच्या दोन तारा एका जोडीत असतात त्या एकच स्वर देण्यासाठी. त्यांतील एक जरा उतरली तर दुसरी कितीही मोलाची असो, कानास त्रासच होतो. येत्या रविवारी सरावास या, आधी आपसांत जुळवून घ्या, आणि मग वाद्य कोणते आणावे ते ठरवा. पैसे सर्वांनी मिळून जमविले आहेत. त्याचा पहिला सूरही सर्वांच्या साक्षीने निघू द्या.